छंद नको, क्रियापद सांग

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत एका रुग्णालयात परिचारिका आहे, वय २७. ड्युटी सांभाळून जर्मन शिकते. बी-१ पास झाले, बी-२ चालू आहे. मागच्या महिन्यात श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयाशी ऑनलाइन मुलाखत झाली. ड्रेसिंग, सलाईन, औषधांच्या वेळा, सगळं नीट सांगितलं. मग समोरच्या बाईंनी हसून विचारलं, मोकळ्या वेळात काय करायला आवडतं? क्लासमध्ये पाठ करून घेतलं होतं तसं मी म्हणाले, माझे छंद वाचन, संगीत आणि प्रवास. त्यांनी विचारलं, काय वाचता? ताई, तोंडातून शब्द फुटेना. नर्सिंगच्या पुस्तकांशिवाय शेवटचं काय वाचलं तेच आठवेना. मग संगीताकडे वळले, तर 'इश गेफाले मुझीक' म्हणून बसले. त्या काही बोलल्या नाहीत, पण चुकलं हे चेहऱ्यावरून कळलं.

खरं सांगू? मला छंदच नाहीत. सुट्टी मिळाली की झोपते. उठले की आईबरोबर वाकळ शिवायला बसते, कारण तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरची आणि टोमॅटोची रोपं आहेत, त्यांना पाणी घालते. हे काय छंद म्हणून सांगायचं? बरोबरच्या मुली झुंबा, ट्रेकिंग, बेकिंग सांगतात. मीही एखादा बरा छंद निवडून पाठ करू का? पंधरा दिवसांनी दुसरी फेरी आहे.

— बिनछंदी, मिरज

प्रिय मुली,

तुझी सही वाचली आणि आधी तीच खोडावीशी वाटली. पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात तू तीन आवडी लिहिल्या आहेस आणि वर म्हणतेस छंदच नाहीत. असं का होतं ते मला माहीत आहे. छंद म्हटलं की आपल्याला शाळेतला 'माझा आवडता छंद' हा निबंध आठवतो. वर्गातली निम्मी मुलं त्यात तिकिटं जमवायची आणि निम्मी बागकाम करायची. घरी मात्र कोणाकडे तिकिटांची वही नसायची की बाग नसायची. तेव्हापासून डोक्यात बसलं आहे की छंद म्हणजे वेगळा काढलेला वेळ, वेगळं सामान आणि चारचौघांत सांगण्याजोगं एक नाव. कष्टाच्या घरातल्या मुलीकडे हे तिन्ही नसतं, म्हणून ती स्वतःला बिनछंदी म्हणून मोकळी होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नवा छंद पाठ करू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्यानं अर्जात 'शाख', म्हणजे बुद्धिबळ, असं लिहिलं होतं. ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून. मुलाखत घेणारे गृहस्थ दर आठवड्याला क्लबात खेळणारे निघाले. त्यांनी मोठ्या आनंदानं विचारलं, डावाची सुरुवात कोणत्या प्याद्यानं करता? पुढची पाच मिनिटं दोघांनाही जड गेली. जर्मन माणूस आवडीबद्दल विचारतो तेव्हा त्याला खरोखर पुढे बोलायचं असतं. तिकडे आवड ही बहुतेकदा माणसांत घेऊन जाणारी गोष्ट असते. गाणारे एका संस्थेत, बाग करणारे दुसऱ्या, डोंगर चढणारे तिसऱ्या. सात माणसं जमली की 'फेराइन', म्हणजे संस्था, नोंदवता येते आणि अशा नोंदलेल्या संस्था त्या देशात सहा लाखांहून जास्त आहेत. अशा ठिकाणी 'मला वाचन आवडतं' हे वाक्य पूर्णविराम ठरत नाही. ऐकणारा त्याला आमंत्रण समजतो. म्हणून त्या बाईंनी 'काय वाचता' असं विचारलं. तुला पकडायला विचारलं नव्हतं.

आता त्यांचा मूळ प्रश्न आठव. तो बहुधा असा असेल: 'वास माखन झी गेर्न इन ईरर फ्रायत्साइट?' यात 'होबी' हा शब्द नाहीच. त्यांनी नाम मागितलं नव्हतं, क्रियापद मागितलं होतं. तू मात्र क्लासातली तीन नामं पुढे केलीस.

या प्रश्नातला जीव 'गेर्न' या एवढ्याशा शब्दात आहे. इंग्रजीतून जर्मन शिकवणारे तो 'लाइक'ला जोडून देतात आणि तिथेच मुलं अडकतात, कारण गेर्न हे क्रियापदच नाही. ते क्रियाविशेषण आहे. मराठीत त्याला माझ्या मते सगळ्यांत जवळचा शब्द 'हौसेनं' हा आहे. मी हौसेनं शिवते: 'इश नेये गेर्न.' मी हौसेनं स्वयंपाक करते: 'इश कोखे गेर्न.' बघ, करायचं काम क्रियापदात येतं आणि मनातली ओढ गेर्नमध्ये. हा शब्द पुरुष, वचन, काळ कशानंही बदलत नाही. जर्मनसारख्या, आर्टिकलही चार रूपांत वळवणाऱ्या भाषेत एवढा सोशिक शब्द मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

फक्त त्याची जागा सांभाळ. तो क्रियापदाच्या मागून येतो, पुढून नाही. 'इश गेर्न नेये' असं मराठी सवयीनं तोंडात येईल, कारण आपण 'मी हौसेनं शिवते' म्हणताना क्रियापद शेवटी टाकतो. जर्मनचं साधं वाक्य क्रियापदाला दुसऱ्या जागेवरून हलू देत नाही. सुरुवात 'मोकळ्या वेळात' अशी केलीस तरी दुसरी जागा क्रियापदाचीच, आणि 'मी' त्याच्या मागे जातो: 'इन माइनर फ्रायत्साइट नेये इश गेर्न.' हे वाक्य सुईत दोरा ओवताना मोठ्यानं म्हण. वीसदा म्हटलंस की जीभ आपोआप वळेल. नावड सांगायची तर आधी 'निश्ट' लाव: 'इश टांत्से निश्ट गेर्न', मला नाचायची हौस नाही. हेही बिनधास्त सांगता येतं, त्यात उद्धटपणा नाही. दोन गोष्टींत डावं-उजवं करायचं तर 'लीबर', आणि सगळ्यांत वरची आवड सांगायची तर 'आम लीब्स्टन'. बस, गेर्नचा संसार एवढाच.

तुझी पहिली आवड तू लाजत लिहिली आहेस: सुट्टी मिळाली की झोपते. अगं, जर्मनमध्ये पोटभर झोपून उठण्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे, 'आउसश्लाफन'. नुसतं झोपणं वेगळं. हे म्हणजे गजर न लावता, झोप पुरी होईपर्यंत झोपणं. त्याचे दोन तुकडे होतात आणि पुढचा तुकडा उडी मारून वाक्याच्या शेवटी जातो: 'नाख डेम नाख्टडीन्स्ट श्लाफे इश एर्स्ट आइनमाल आउस.' रात्रपाळीनंतर आधी मी झोप पुरी करते. रात्रपाळी काय असते हे ठाऊक असलेल्या रुग्णालयातल्या बाईंना हे वाक्य ऐकून तू आळशी वाटणार नाहीस. ती ओळखीची, त्यांच्याच कामातली गोष्ट आहे. फक्त तिथेच थांबू नकोस, पुढे वाकळीकडे ये.

त्याआधी 'इश गेफाले मुझीक'चं बघू. ही चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती तुझ्या मराठीनं केलेली नाही. इंग्रजीनं केली आहे. तुझ्या मनात 'आय लाइक म्युझिक' होतं आणि तू 'आय'च्या जागी 'इश' ठेवलंस. त्या वाक्याचा अर्थ होतो, मी संगीताला आवडते. आता तेच मराठीत म्हणून बघ. आपण 'मी संगीत आवडते' म्हणतो का? 'मला संगीत आवडतं' म्हणतो. जर्मनही नेमकं तेच म्हणतं: 'मिअर गेफेल्ट डी मुझीक.' 'मिअर' म्हणजे 'मला'. ज्याला आवडतं तो माणूस चतुर्थीत बसतो आणि आवडलेली वस्तू कर्ता होते.

साम्य इथेच संपत नाही. मराठीत 'मला चित्र आवडतं', पण 'मला चित्रं आवडतात', म्हणजे क्रियापद चित्रांच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. जर्मनमध्ये 'मिअर गेफेल्ट डास बिल्ट', पण 'मिअर गेफालन डी बिल्डर'. काडीचाही फरक नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना हे समजवताना मला फळा भरून आकृत्या काढाव्या लागतात. तुझ्यासारख्या मुलीला मी एवढंच सांगते की इंग्रजीच्या घरी न जाता थेट जा, वाट ओळखीची आहे. 'मला शिवायला मजा येते' हेही तसंच: 'नेएन माख्ट मिअर श्पास.' पुन्हा 'मिअर', पुन्हा 'मला'.

आणि हा 'मिअर' तुला मुलाखतीपेक्षा वॉर्डात जास्त लागणार आहे. 'मला थंडी वाजतेय' हे जर्मन रुग्ण 'मिअर इस्ट काल्ट' असं सांगतो, 'मला मळमळतंय' हे 'मिअर इस्ट श्लेश्ट' असं, 'मला चक्कर येतेय' हे 'मिअर इस्ट श्विंडलिश' असं. सगळीकडे शरीराला जे होतं ते 'मला' होतं. तू हे रोज मराठीत ऐकतेस. आवडीच्या वाक्यांवर हा साचा पक्का बसला की दुखण्याची वाक्यं त्यातून आपोआप निघतील. म्हणून 'छंद सांगा' हा धडा मी कधी हलका मानला नाही.

एका जागी मात्र मराठी तुला फसवेल. आपलं 'आवडणं' सगळ्याला पुरतं. चहा आवडतो, शेजारीण आवडते, साडी आवडली, आमटी आवडली, पोहायला आवडतं. जर्मनमध्ये हे घर चार खोल्यांत वाटलेलं आहे. कृती असेल तर क्रियापद आणि गेर्न. वस्तू किंवा माणूस एरवीच आवडत असेल तर 'इश माक': 'इश माक टे', मला चहा आवडतो. पाहून, ऐकून मनात भरलं तर 'मिअर गेफेल्ट', म्हणजे साडीसाठी, गाण्यासाठी, गावासाठी. आणि समोर वाढलेलं जेवण आवडलं तर 'एस श्मेक्ट मिअर'. कोणी प्रेमानं रांधून वाढलं आणि तू 'मिअर गेफेल्ट' म्हणालीस, तर ताट दिसायला छान आहे असा अर्थ लागेल. 'इश माक' आणि 'इश म्योश्टे' यांतली गल्लतही टाळ. पहिलं म्हणजे आवडतो, दुसरं म्हणजे आत्ता हवा आहे. 'इश म्योश्टे टे' म्हणालीस की समोरचा उठून पाणी उकळायला ठेवील.

उच्चारांचं थोडक्यात सांगते, कारण तुझ्या पत्रातून दिसतं की तू शब्द कानानं टिपतेस. 'फ्रायत्साइट'मधला 'त्सा' म्हणजे आपल्या 'चांगला'मधला 'चा'. हिंदी वळणाचा च नको. 'मुझीक', 'लेझन' यांतला झ म्हणजे 'झाड'मधला झ. हे दोन्ही आवाज घोटून घ्यायला इतर भाषकांना आठवडे लागतात, तू जन्मतः घेऊन आली आहेस. 'कोखे'मधला ख घशात घासून निघतो. 'इश'मधला श हा श आणि ह यांच्या मधला आहे. जीभ श म्हणायच्या जागेवर ठेवून फक्त हवा सोड. शब्दाच्या शेवटचा ए हलका, जवळजवळ सोडून दिलेला.

आता वाकळ. तुला वाटेल याला जर्मन शब्दच नाही, तर सांगू कशी. मी तरुणपणी फ्रायबुर्गला शिकायला होते, तेव्हा घरमालकीण आजींनी मला विचारलं होतं की तुला काय करायला आवडतं. मी रांगोळी म्हणाले. त्यांना काहीच बोध झाला नाही. शब्दकोश उघडून बसण्याऐवजी मी म्हणाले, 'इश माले मिट फार्बिगेम पुल्फर आउफ डेन बोडन.' मी रंगीत भुकटीनं जमिनीवर चित्र काढते. त्या क्षणभर थांबल्या, कोट चढवला आणि मला जुन्या गावात घेऊन गेल्या. तिथल्या फुटपाथांवर ऱ्हाईन नदीतले गोटे बसवून चित्रं केलेली आहेत, दुकानांसमोर त्या त्या धंद्याची चिन्हं. आजी वाकून ती एकेक दाखवत होत्या. आमच्याकडेही जमिनीवर चित्रं आहेत, हे त्यांना मला सांगायचं होतं. माझ्या त्या एका ओबडधोबड वाक्यात रांगोळीला जर्मन शब्द नव्हता, पण भुकटी, जमीन आणि चित्र हे तिन्ही शब्द त्यांचे होते. तेवढं पुरलं.

तूही तेच कर. आधी नाव घे, मग 'डास इस्ट', म्हणजे 'हे आहे', म्हणून समोरच्याच्या घरातल्या वस्तूंनी ते उलगड. 'डास इस्ट आइने डेके आउस आल्टन सारिस. वीअर नेएन झी मिट डेअर हांट.' ही जुन्या साड्यांची पांघरायची चादर आहे, आम्ही ती हातानं शिवतो. 'वाकळ' हा शब्द लपवू नकोस, तो मराठीतच म्हण, सावकाश म्हण. क्विल्टिंग वगैरे इंग्रजी नाव देऊन तिला परकी करण्याची गरज नाही. धावदोऱ्याला, दाभणाला, कोपऱ्यावरच्या फुलाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शोधत बसू नकोस. त्या बाई विचारतील तेव्हा हात हलवून दाखव.

मग एक 'का' जोड. बी-२ च्या मुलीकडून 'वाइल', म्हणजे 'कारण', असलेलं वाक्य अपेक्षित असतंच. 'इश नेये गेर्न डेकन, वाइल इश डाबाय आन माइने ग्रोसमुटर डेंके.' मी हौसेनं वाकळ शिवते, कारण तेव्हा मला आजीची आठवण येते. आजीच्या ऐवजी तुझं खरं कारण घाल. आईच्या सुईत दोरा तूच ओवतेस हे कारण मला तर फार सुंदर वाटलं, आणि ते सांगायला अवघडही नाही. बघ, 'वाइल'नंतर क्रियापद वाक्याच्या टोकाला गेलं, आपल्या मराठीसारखं. एरवी दुसऱ्या जागेसाठी हटून बसणारं हे क्रियापद 'कारण' आलं की आपल्या माहेरच्या रीतीनं शेवटी बसतं. मला हा नियम शिकवताना दर वेळी आनंद होतो.

गच्चीवरच्या मिरच्यांना तू सगळ्यांत कमी लेखलं आहेस आणि मला वाटतं त्याच तुला तिकडे सगळ्यांत जास्त माणसं जोडून देतील. जर्मनीत शहरांच्या कडेला छोट्या भाड्याच्या बागा असतात, 'क्लाइनगार्टन' किंवा 'श्रेबरगार्टन'. दुसरं नाव लाइपत्सिगचे डॉक्टर मोरित्स श्रेबर यांच्यावरून पडलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८६४ साली तिथे त्यांच्या नावाची पहिली संस्था निघाली. आज त्यासाठी वेगळा कायदा आहे: एक तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, आणि त्यातली खोपी ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत असावी. फळं आणि भाज्या लावायच्याच, नुसती हिरवळ राखून चालत नाही. तू जिथे जायचं म्हणतेस त्या श्टुटगार्टच्या भागात, श्वाबी बोलीत, 'श्ट्युकले' असा आणखी एक गोड शब्द ऐकशील. श्ट्युकले म्हणजे शब्दशः छोटासा तुकडा, गावाबाहेरचं चार-सहा सफरचंदाच्या झाडांचं रान. तिथले म्हातारे रुग्ण खाटेवर पडल्या पडल्या आपल्या श्ट्युकलेची काळजी करत असतात, या वर्षी गवत कोणी कापलं, फळं कोणी उतरवली. त्यांना तू म्हणालीस, 'इश हाबे आउख टोमाटन उंट चिलीस, आउफ डेअर टेरासे', माझ्याकडेही गच्चीवर टोमॅटो आणि मिरच्या आहेत, तर त्यांची कळी खुलेल. मिरचीला त्यांच्याकडे 'चिली' म्हणतात.

हे मी तुला गोड वाटावं म्हणून सांगत नाही, हा तुझ्या कामाचाच भाग आहे. जर्मनीत वृद्धांच्या शुश्रूषेत 'बिओग्राफी-आर्बाइट' नावाची एक रीतसर पद्धत वापरतात. विस्मरण झालेल्या माणसाशी त्याच्या पूर्वायुष्यातून बोलायचं: तो कुठे वाढला, काय काम करायचा, काय हौसेनं करायचा. त्यातलं एक मुख्य वाक्य तू आज शिकलेल्या गेर्नवरच उभं आहे: 'वास हाबन झी फ्र्यूअर गेर्न गेमाख्ट?' पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचं? आज सकाळी काय खाल्लं हे न आठवणाऱ्या आजी 'इश हाबे गेर्न गेश्ट्रिक्ट' म्हणतात, मी हौसेनं विणायचे, आणि बोलता बोलता बोटं सुया धरल्यासारखी हलायला लागतात. आजोबा स्काटबद्दल सांगतात. हा तिथला पत्त्यांचा खेळ, तिघांनी ३२ पानांनी खेळायचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्टनबुर्ग गावात आकाराला आला. ज्या मुलीनं स्वतः आईशेजारी बसून तासन्‌तास सुई चालवली आहे, ती या आजींचा हात धरून काय विचारायचं ते जाणते. मुलाखत घेणाऱ्या बाई तुझ्यात हेच शोधत असाव्यात असं मला वाटतं. वाचन, संगीत, प्रवास या तीन शब्दांतून त्यांना ते दिसलं नाही, एवढंच.

उरलेलं भराभर सांगते. एखाद्या विषयात रस आहे असं म्हणायचं तर 'इश इंटेरेसीरे मिश फ्यूर'. यातला 'मिश' विसरू नकोस, आणि 'फ्यूर'च्या जागी इंग्रजीतला 'इन' घालू नकोस. वाद्यं आणि खेळ दोन्हींना 'श्पीलन' हे एकच क्रियापद चालतं आणि वाद्याला आर्टिकल लागत नाही: 'इश श्पीले टाब्ला.' लेखी परीक्षेत 'होबी'चं अनेकवचन लिहिताना शेवटचा वाय तसाच ठेवून नुसता एस जोडायचा, इंग्रजीसारखं स्पेलिंग बदलायचं नाही. तपासणारे हे हमखास बघतात. आणि वेळ कमी मिळतो हेही कबूल करायला हरकत नाही: 'इश हाबे वेनिश फ्रायत्साइट, आबर', मला मोकळा वेळ थोडा मिळतो, पण... आणि त्या 'पण'नंतर वाकळ. ही सुरुवात खरी आहे, आणि पुढचं वाक्य जुळवायला तुला दोन श्वासांची उसंतही देते.

झुंबा आणि बेकिंग सांगणाऱ्या मैत्रिणींकडे बघून खट्टू होऊ नकोस. त्यांना ते खरंच आवडत असेल तर त्यांनी तेच सांगावं. त्यांनाही मी हेच विचारीन की काय बेक करता, कोणासाठी, पहिला केक बसका झाला तेव्हा काय केलंत. या प्रश्नांना उत्तर असलं की छंद कोणता हे बघायचं कारण उरत नाही.

पंधरा दिवस भरपूर आहेत. रोज संध्याकाळी आईशेजारी बस आणि हातानं जे करतेस ते मोठ्यानं जर्मनमध्ये सांग. दोरा ओवते, कापड अंथरते, टाका घालते, गाठ मारते. आईला ओ की ठो कळणार नाही, तरी तिला सांग. तिनं विचारलं तर मराठीत समजाव, मग पुन्हा जर्मनमध्ये म्हण. शब्द अडला तर कापडाकडे बोट दाखवून पुढे जा. शेवटच्या दोन दिवशी एखाद्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर बसव आणि तिला सांग की फक्त पुढचे प्रश्न विचार: कधी, कोणाबरोबर, कुणी शिकवलं, किती दिवस लागतात.

मुलाखतीच्या दिवशी शिवून झालेली एखादी वाकळ खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेव, रंग कॅमेऱ्यात नीट दिसतील अशी. या वेळी त्यांनी मोकळ्या वेळाबद्दल विचारलं की ती उचलून समोर धर, टाके दिसतील इतकी जवळ, आणि म्हण, 'डास हाबे इश मिट माइनर मुटर गेनेट.' ही मी आईबरोबर शिवली आहे.

तुझी,
ताई